क्रूझ टर्मिनलची शर्यत जिंकलात ना? आता भाऊच्या धक्क्यावर या

मुंबई विरुद्ध गोवा विरुद्ध कोची. कुणाचं क्रूझ टर्मिनल भारी, यावर सध्या निम्म्या ग्रुपांवर मारामारी चालू आहे. बॅलार्ड पिअरच्या नव्या इमारतीचे ड्रोनमधून काढलेले फोटो, शेजारी कोचीची आटोपशीर इमारत, तिसऱ्या चौकटीत मुरगावचा कोळसा, आणि खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. मुंबईकर म्हणून छाती फुगवायची तर खुशाल फुगवा, माझी हरकत नाही. पण तुलना करायचीच तर नीट करू. नीट केली की निकाल उलटा लागतो, आणि तो आपल्याला झोंबणारा आहे.

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी आकडे, कारण सगळी फुशारकी त्यांच्यावरच चालली आहे. बॅलार्ड पिअरचं मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल. पायाभरणी जानेवारी २०१८ मध्ये, उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ ला पंतप्रधानांच्या हस्ते, तेही भावनगरहून. मधली साडेसात वर्षं कुठे गेली ते विचारू नका, कोविडचं नाव पुढे येईल. क्षेत्रफळ सव्वाचार लाख चौरस फुटांच्या आसपास. चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर. एका वेळी पाच जहाजं लागतील, दिवसाला दहा हजार माणसं आणि वर्षाला दहा लाख माणसं जातील अशी क्षमता. खर्च ५५६ कोटी, त्यातले ३०३ कोटी मुंबई पोर्टचे, उरलेले खासगी भागीदाराचे.

कोचीचं 'सागरिका' टर्मिनल वेलिंग्डन बेटावर, एर्नाकुलम धक्क्याला. फेब्रुवारी २०२१ मध्ये उद्घाटन. खर्च २५ कोटी ७२ लाख. म्हणजे आपल्या पोर्टने स्वतःच्या खिशातून जेवढे घातले त्याचा बारावा हिस्सा. एकूण खर्चाशी तुलना केली तर विसावा हिस्सासुद्धा नाही.

झालं? जिंकलो?

थांबा. एकाच कामाच्या दोन गोष्टी असतील तरच तुलना होते. मुंबई हे क्रूझवाल्यांच्या भाषेत होमपोर्ट आहे. इथे प्रवास सुरू होतो आणि इथेच संपतो. प्रवासी बॅगा घेऊन येतो, त्या तपासून लेबलं लावून बोटीवर चढवाव्या लागतात, कागद तपासावे लागतात, परदेशी फेरी असेल तर इमिग्रेशन. हजार-दीड हजार माणसं उतरतात आणि त्याच दिवशी तेवढीच चढतात. थोडक्यात विमानतळाचं काम. त्याला जागा लागते, काउंटर लागतात, कबूल.

कोची आणि मुरगाव ही मुख्यतः थांब्याची बंदरं. जहाज सकाळी लागतं, लोक पर्स आणि टोपी घेऊन उतरतात, दिवसभर फिरतात, संध्याकाळी परत बोटीवर. बॅगा केबिनमध्येच. अशा बंदराला ७२ काउंटर कशाला हवेत? त्याला हवा सुरक्षित उतार, सावली, स्वच्छ संडास, बस उभ्या करायला जागा आणि दराचा घोळ न घालणारा टॅक्सीवाला. कोचीने २५ कोटीत साधारण तेवढंच केलं आणि गप्प बसले. म्हणून चौरस फुटांवरून कोचीला हसणं म्हणजे दादर स्टेशनने माथेरानच्या स्टेशनला हसण्यासारखं आहे.

न्यू मंगळूरलाही जहाजं लागतात. पणंबूरला उतरलेले पाहुणे मूडबिद्रीची जैन बसदी बघतात, काजूचा कारखाना बघतात आणि जातात. त्यांचा कुणी गवगवा करत नाही. पुढे जाऊ.

मुरगावबद्दल मात्र थोडं बोलायला हवं, कारण गोव्यातले मित्र ही पोस्ट वाचताहेत आणि त्यांना वाटतंय की मी त्यांना सोडणार. नाही सोडणार. गोवा म्हटलं की जगभर डोळ्यांपुढे निळा समुद्र येतो, आणि क्रूझचा पाहुणा डेकवर आला की त्याला आधी दिसतो कोळसा. वास्कोतल्या लोकांनी कोळशाच्या धुळीविरुद्ध किती वर्षं आंदोलनं केली! त्यांच्या खिडक्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी पूड कुणाला दिसली नाही. आता त्याच बंदरात पाहुण्यांसाठी नवं टर्मिनल उभारायला घेतलं, खर्च शंभर कोटींच्या घरात. टर्मिनल करा हो, पण धूळ काही पाहुणा आणि वास्कोकर असा भेद करत नाही. आणि टॅक्सीचा प्रश्न? अॅपवाल्या टॅक्सीला विरोध आणि ठरलेल्या दराचा आग्रह, हे गोव्याचं जुनं भांडण आहे. टॅक्सीवाल्यांचीही एक बाजू आहे, ती मला पटते. पण दहा तासांसाठी आलेल्या माणसाला ते भांडण समजावून कोण सांगणार?

तरी गोव्याला एका गोष्टीसाठी सलाम. मांडवीवर, झुवारीवर, चोडण-दिवाडीला जाणारी सरकारी फेरीबोट आजही पायी माणसाला फुकट नेते. सरकारने मध्ये दुचाकीला दहा रुपये लावायचं काढलं, तर लोकांनी असा ओरडा केला की निर्णय गुंडाळावा लागला. २०२५ च्या जुलैत चोडणच्या वाटेवर नव्या रो-रो बोटी आल्या. म्हणजे क्रूझ टर्मिनलचं काहीही होवो, नदीपलीकडच्या माणसाला रोज कामावर न्यायचं ही सरकारची जबाबदारी आहे, एवढं तिथे अजून मानलं जातं.

आता खऱ्या तुलनेकडे येतो. कोणत्याही बंदराच्या शहरात पाण्यावरून जाणारी माणसं दोन प्रकारची. एक, हौसेने जाणारी. वर्षातून एकदा, आयुष्यातून एकदा. दुसरी, गरजेने जाणारी. रोज, आठवड्याला, सणाला. कुठलं बंदर पुढे गेलं हे मोजायचं असेल तर या दोघांवर किती खर्च झाला आणि कोणत्या प्रमाणात झाला ते बघा. बाकी सगळे ड्रोनचे फोटो.

कोचीत हौशी पाहुण्यासाठी २५ कोटी. आणि रोजच्या माणसासाठी? वॉटर मेट्रो. मंजूर प्रकल्प १,१३६ कोटींच्या वर, जर्मन सरकारी बँकेचं कर्ज घेऊन. दहा बेटं जोडायची, ३८ टर्मिनलं, ७८ बोटी असा आराखडा. पहिली फेरी एप्रिल २०२३ मध्ये हायकोर्ट ते वायपीन. बोटी बॅटरीवर चालणाऱ्या, वातानुकूलित, शंभर माणसांच्या, आणि बांधल्या कुठे, तर तिथल्याच कोचीन शिपयार्डमध्ये. सुरुवातीचं किमान तिकीट २० रुपये. धक्का तरंगता. भरती आली की बोटीबरोबर धक्काही वर येतो, ओहोटी लागली की दोघंही खाली जातात. त्यामुळे बोटीचा तळ आणि धक्का एकाच पातळीवर राहतो आणि व्हीलचेअर सरळ आत जाते. गेटवर माणसं मोजली जातात, शंभर झाली की गेट बंद. पुढच्या बोटीने या.

हे सगळं स्वर्गातून उतरलेलं नाही. २०१५ मध्ये फोर्ट कोचीला प्रवासी बोटीला मासेमारी बोट धडकली आणि ११ माणसं गेली. त्या शहरानेही हे दुःख बघितलंय. आणि केरळवाल्यांचंही सगळं झालेलं नाही. ठरलेल्या ३८ टर्मिनलांपैकी बरीचशी अजून व्हायची आहेत, बोटींचा पुरवठाही मागे पडला. पण २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मट्टनचेरी आणि वेलिंग्डन बेट इथलीही टर्मिनलं सुरू झाली. ज्या बेटावर क्रूझचं जहाज लागतं, त्याच बेटावर आता रोजच्या माणसाची बोटही लागते. हा क्रम लक्षात घ्या: मोठा पैसा रोजच्या माणसावर, छोटा पाहुण्यावर.

आणि मुंबई?

मुंबईत रोजच्या माणसाचा धक्का म्हणजे भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजेच भाऊ, यांचं नाव त्याला लागलं ते एकोणिसाव्या शतकात. कारण गोऱ्या साहेबाला जे सुचलं नाही ते एका मराठी माणसाने केलं: होडीतून उतरणाऱ्या माणसाला चिखलात पाय घालावा लागू नये म्हणून धक्का बांधला. चिखलात पाय नको, एवढीच मूळ कल्पना. आता मोरा बंदरात ओहोटीला जाऊन बघा. गाळ इतका की पाणी ओसरलं की लाँच धक्क्याला लागेना म्हणून फेऱ्या थांबतात. रेवसची तीच गत. उरणचा माणूस घड्याळ बघून निघत नाही, तिथी बघून निघतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी ओहोटी, म्हणजे फेरी बंद, हा हिशोब तिथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ आहे.

आता गंमत बघा. 'वेगवेगळ्या खात्यांचे वेगवेगळे खिसे, कशाला तुलना करता' हे उत्तर मला दरवेळी मिळतं. बॅलार्ड पिअर कुणाचं? मुंबई पोर्टचं. भाऊचा धक्का कुणाचा? मुंबई पोर्टचा. एकच मालक, एकच किनारा, मध्ये जेमतेम चार किलोमीटर. एका टोकाला संगमरवर, दुसऱ्या टोकाला मासळीच्या पाण्यातून साडी उचलून चालणारी बाई. त्यात भाऊच्या धक्क्यालाच लागून मांडव्याच्या रो-रोचं वेगळं टर्मिनल आहे. मार्च २०२० पासून ती सेवा चालू आहे आणि चांगली चालू आहे, पावसाळ्यातसुद्धा. त्यात गाडी घालून अलिबागच्या बंगल्यावर जाता येतं. मी रो-रोच्या विरोधात मुळीच नाही, उलट ती पुरावा आहे. आपल्याला जमत नाही असं नाही. ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्यासाठी जमतं.

'अहो, कोचीचं पाणी शांत, तिथे भरती-ओहोटीचा फरक मीटरभर. आपल्याकडे चार-पाच मीटर.' हा आक्षेप निदान विचार करून घेतलेला आहे, म्हणून त्याला उत्तर देतो. फरक खरा आहे. मुंबईत तरंगता धक्का करायचा तर त्याच्याकडे जाणारा उताराचा पूल लांब लागेल, खांब उंच लागतील, खर्च जास्त येईल. बरोबर. पण मग जिथे पाणी अवघड तिथे जास्त पैसा घालायचा की कमी? आणि मांडव्याला गाड्या भरलेली रो-रो भरतीला लागते, ओहोटीलाही लागते. गाळ काढावा लागतो, तो काढतात. भाऊचा धक्का ते रेवस या वाटेवर पाण्याचे नियम बदलतात का?

'आता अटल सेतू झाला, उरणला लोकल गेली, लाँच कशाला?' हाही एक. उरणची लोकल जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण सुरू झाली, फार चांगलं झालं, अनेक वर्षांची मागणी होती. पण अटल सेतूवर गाडीला एका बाजूचा टोल २५० रुपये आहे आणि दुचाकीला तर प्रवेशच नाही. रेवसच्या माणसाला, अलिबागच्या भाजीवालीला त्या सेतूचा काय उपयोग? रस्ता झाला म्हणून जलमार्ग मरू द्यायचा, हे आपण आधी एकदा करून बसलोय. कोकण बोटीचं काय झालं ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. रात्रीची बोट, डेकवर पथारी, पहाटे पडावात उतरायचं. त्रास होता, उलट्या होत्या, पण बोट होती. मुंबई-गोवा हायवे आला आणि बोट गेली. आणि आता तो हायवे कधी पूर्ण होणार यावर आपण विनोद करतो.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये 'आंग्रिया' सुरू झाली, मुंबई ते गोवा. कान्होजींच्या नावाची बोट म्हणून किती आनंद झाला होता! २०२० मध्ये थांबली आणि पुन्हा उभी राहिली नाही. 'जलेश'ची 'कर्णिका' २०१९ मध्ये आली, २०२० मध्ये कंपनी बुडाली, जहाज अलंगला भंगारात गेलं. आज मुंबईतून नियमित फिरते ती मुख्यतः 'एम्प्रेस'. तीही कर्णिकासारखीच १९९० ची बांधणी. मी कुणाचं वाईट चिंतत नाही, एम्प्रेसला उदंड आयुष्य लाभो. पण हौसेचा धंदा हा असा असतो. एक साथ आली, तेल महागलं, कर्ज थकलं, की बोट गायब. इमारत मात्र उभी राहते, तिचं विजेचं बिल उभं राहतं. रेवसचा प्रवासी गायब होत नाही. त्याला जायचंच असतं.

आता दहा लाखांचा आकडा परत बघा. देशभरातले सगळे क्रूझ प्रवासी धरून २०२३-२४ मध्ये संख्या होती पावणेपाच लाखांच्या आसपास. मुंबई, गोवा, कोची, चेन्नई, सगळे मिळून. केंद्राच्या 'क्रूझ भारत मिशन'चं, जे सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतूनच सुरू झालं, २०२९ पर्यंतचं समुद्री क्रूझचं लक्ष्य आहे दहा लाख. म्हणजे सगळ्या देशाचं पुढचं लक्ष्य एकट्या बॅलार्ड पिअरमध्ये बसतं. आणि क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात तिथे काय करायचं, लग्नं लावायची? (हसू नका, कुणीतरी प्रस्ताव देईल.)

'भविष्याचा विचार करून मोठं बांधलंय.' मान्य. विमानतळही असेच बांधतात. मग भविष्याचा हाच विचार धक्क्याच्या बाबतीत का सुचत नाही? हौशी प्रवाशाची क्षमता आजच्या गरजेच्या कित्येक पट, आणि गरजू प्रवाशासाठी आज आहे त्या रांगेपुरतंही छप्पर नाही. माझं सगळं भांडण एवढ्या एका ओळीचं आहे.

गेटवेला चला. तिथे हौशी आणि गरजू दोघंही एका रांगेत उभे असतात. घारापुरीला जाणारे पर्यटक, मांडव्याला जाणारे. सुट्टीच्या दिवशी ती रांग ज्याने पाहिली त्याला आकडा सांगायची गरज नाही. दगडी पायऱ्या, शेवाळ, आणि एकीला एक लागलेल्या लाँच. आपली लाँच तिसरी असेल तर पहिल्या दोन ओलांडायच्या. खलाशी हात धरतो आणि ओढून घेतो. म्हातारी माणसं, पोटुशी बाई, कडेवरचं पोर, सगळ्यांना हाच मार्ग. व्हीलचेअरचा तर प्रश्नच येत नाही. आणि ७२ काउंटर ओलांडून मुंबईत उतरलेला तो परदेशी पाहुणा, ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तो दुसऱ्या तासाला कुठे जातो? घारापुरीची लेणी बघायला. १९८७ पासून जागतिक वारसा. म्हणजे तोही येतो याच पायऱ्यांवर, याच शेवाळावर. टर्मिनलमधला सगळा थाट गेटवेच्या पहिल्या पायरीवर संपतो.

१८ डिसेंबर २०२४ विसरलात का? गेटवेहून घारापुरीला निघालेली 'नीलकमल'. नौदलाची स्पीडबोट इंजिनाच्या चाचणीत सुसाट आली आणि धडकली. १५ माणसं गेली. त्यानंतर आठवडाभर लाइफजॅकेटची सक्ती, फोटो, पाहणी दौरे. त्याआधी १७ जुलै १९४७, 'रामदास' बोट. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली, काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून अधिक माणसं बुडाली. गटारीचा दिवस होता, लोक घरी चालले होते. वाट तीच, धक्का तोच. अठ्ठ्याहत्तर वर्षांत आपण त्या वाटेला दिलं काय?

इथे रेडिओ क्लबच्या जेटीबद्दल बोलावं लागेल, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढंच लिहितो. गेटवेची गर्दी हलवण्यासाठी मेरीटाइम बोर्डाने रेडिओ क्लबजवळ नवी जेटी आणि टर्मिनल काढलं, खर्च २२९ कोटी. कुलाब्याचे रहिवासी कोर्टात गेले. वारसा, वाहतूक, गर्दी, सगळे मुद्दे मांडले. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने प्रकल्पाला हिरवा कंदील दिला, पण अटी घातल्या. अॅम्फीथिएटर हे प्रवाशांना बसायलाच वापरायचं, करमणुकीचे कार्यक्रम नकोत. खाण्याच्या ठिकाणी पाणी आणि पाकिटबंद पदार्थच. मी जेटीच्या बाजूने आहे. घरासमोर गर्दी नको म्हणून हजारो लोकांनी शेवाळावर चढत राहावं, हे मला पटत नाही. पण मुळात अॅम्फीथिएटर आलं कुठून? लाँचला जाणाऱ्या माणसाने ते कधी मागितलं होतं? त्याने मागितली शेड, नळ, संडास आणि पाय न घसरणारा उतार. साधी जेटी मागितली की आपल्याकडे 'अनुभव' मिळतो. कोर्टाला सांगावं लागलं की बाबांनो, हे बसायला वापरा.

कोचीच्या मेट्रो कंपनीकडेच मुंबईच्या वॉटर मेट्रोचा अभ्यास दिलाय, हे मला माहीत आहे. चांगली गोष्ट आहे, शिकायला लाज कसली. पण अहवाल येईल, सादरीकरण होईल, नकाशावर रंगीत रेघा येतील, आणि तोवर मोऱ्याचा गाळ? गाळ काढायला अहवाल लागत नाही, ड्रेजर लागतो. २०२५ च्या गणपतीला मुंबई ते रत्नागिरी, विजयदुर्ग अशी रो-रो येणार म्हणून केवढा गाजावाजा झाला. तीन तासांत रत्नागिरी! गणपती आले, गणपती गेले, चाकरमानी नेहमीसारखे पनवेलच्या पुढे ट्रॅफिकमध्ये उकडत बसले.

आता क्रूझवाल्या मित्रांसाठी. मी तुमच्या विरुद्ध नाही. बॅलार्ड पिअरला चांगली इमारत झाली याचा मला आनंदच आहे. त्या जागेला इतिहास आहे. विलायतेची डाक तिथे उतरायची, बोटीच्या दिवशी पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल तिथल्याच मोल स्टेशनवरून सुटायची. बोटीतून उतरा आणि गाडीत बसा. शंभर वर्षांपूर्वी ही सोय होती हो. आज तीन नंबरच्या मेट्रोचं हुतात्मा चौक किंवा सीएसएमटी स्टेशन तिथून किलोमीटर-दीड किलोमीटरवर. बॅग ओढत, पार्क केलेल्या ट्रकांमधून. तीनशे गाड्यांची पार्किंग मात्र आहे.

म्हणून मागण्या सांगतो, फुकट ओरडत नाही. क्रूझच्या दर प्रवाशामागे पोर्टला जो पैसा मिळतो त्यातला ठरावीक वाटा भाऊच्या धक्क्यावर आणि मोरा-रेवसच्या गाळावर खर्च झाला पाहिजे, आणि त्याचा हिशोब दरवर्षी फळ्यावर लागला पाहिजे. धक्क्यावर मासळीची वाट आणि प्रवाशाची वाट वेगळी करा. कोळी बांधवांना हुसकून नव्हे, त्यांनाही नीट जागा देऊन. भाऊचा धक्का, मोरा, रेवस या तिन्ही ठिकाणी तरंगते धक्के, आणि गेटवेची रांग नव्या जेटीवर जाईपर्यंत तिथे निदान एक असा उतार की ज्यावरून आजीला हात न ओढता नेता येईल. गोव्याला जाणारी क्रूझ देशांतर्गतच असते, तिला इमिग्रेशन लागत नाही. मग जहाज नसलेल्या दिवशी त्याच टर्मिनलमधून कोकणची बोट सुटायला अडचण काय? सवलतीच्या दरात धक्का द्या, पाच वर्षं हमी द्या. बोटवाला येईल. गणपती-होळीला तर धावत येईल.

हे सगळं मिळून टर्मिनलच्या खर्चाच्या किती टक्के होईल, ते पोर्टनेच जाहीर करावं. आम्ही वाचू.

उरण, रेवस, मांडवा, घारापुरीची मंडळी ही पोस्ट वाचत असतील तर एक काम करा. आपापल्या धक्क्याचा फोटो काढून खाली टाका. भरतीचा नको, ओहोटीचा टाका. तारीख आणि वेळ लिहा. पन्नास फोटो जमले की मी ते एकत्र करून पोर्टला, मेरीटाइम बोर्डाला आणि आपल्या आमदार-खासदारांना पाठवतो, पोचपावती इथेच टाकतो. मुंबई-गोवा-कोचीचं ते तीन चौकटींचं चित्र ज्यांनी बनवलंय त्यांनाही विनंती, त्यात चौथी चौकट वाढवा. जागा आहे.